कडी

धुळ्याच्या सोनोग्राफीवाल्यानं
जेली पुसायला कापूस दिला आणि म्हणाला, सगळं नॉर्मल.
लिव्हर नॉर्मल, आतडी नॉर्मल,
मूत्रपिंडं दोन, जागच्या जागी.
मग दुखतं काय, मी विचारलं.
तो पुढच्या नंबरला हाक मारत होता.

एसटीत पारोळ्यापर्यंत
हिरल माझ्या मांडीवर घडी होऊन झोपली.
पाकीट मी उन्हाकडे धरून पाहिलं,
बावीसशे रुपयांचं 'काही नाही'.

घरात मात्र प्रत्येकाला माहीत होतं.
सासूबाई म्हणाल्या, पोरले नजर लागी गई.
जाऊबाई म्हणाल्या, शेवभाजीचा रस्सा, दुसरं काय.
सुरतहून फोनवर हे म्हणाले,
मोबाईल काढून घे तिच्या हातातला.
सुपडाबाईनं बेंबीवर दिवा ठेवला,
वर तांब्या पालथा घातला.
तांब्या पोटाला धरून बसला, सुटेना.
'दख, बेंबी सरकेल व्हती.'
हिरल हसली. रात्रभर शांत झोपली.
दुसऱ्या दिवशी रविवार होता,
हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

डॉक्टर बोरसेंनी फाईल उघडलीच नाही.
खुर्ची तिच्याजवळ ओढली.
शाळेत संडासला जातेस का, बेटा?

तिनं माझ्याकडे पाहिलं,
पाहुण्यांसमोर शिवी निघाल्यावर पाहावं तसं.
तो शब्द घरात मीच बंद केलेला.
जेवताना नाही, चारचौघांत नाही,
एकदा तर लग्नाच्या पंगतीत
चिमटा काढला होता मांडीला.

मग ती जमिनीकडे पाहून बोलली,
घरच्या भाषेत, जी शाळेत बोलली की दंड पडतो:
मॅडम इंग्रजीमा इचाराले लावस.
मन्हं चुकस. पोऱ्या हासतस.
दारले कडी नही.
कोनीतरी दार धरनं पडस.

आणि थांबून,
मन्हं दार कोनी धरत नही.

सात ते दीड.
साडेसहा तास माझी लेक
सगळं आत धरून बाकावर बसते,
कविता पाठ म्हणते, बेरजा करते,
आणि पाण्याची बाटली भरलेली परत आणते.
ती बाटली मी रोज कुंडीत ओतायची
आणि बडबडायची.

बडबडणारी मी कोण?
आमच्या गावी बायका
उजाडायच्या आत नाल्याकडे जायच्या
नाहीतर मावळल्यावर.
मधला अख्खा दिवस पोटात.
आईनं वेगळं काही शिकवलं नाही,
फक्त पाणी कमी पी म्हणाली.
मीही शहाणी मुलगी होते.
माझंही पोट दुखायचं.
माझी सोनोग्राफी कोणी काढली नाही, एवढंच.

निंबा आप्पांच्या हार्डवेअरमध्ये
कडी मागितली.
केवढ्या दाराला?
माप मला ठाऊक नव्हतं.
मी कमरेच्या थोडा वर हात धरला,
हिरलच्या डोक्याएवढा.
आप्पांनी दोन-तीन कड्या काउंटरवर टाकल्या
आणि पैसे घेताना काही विचारलं नाही.

हेडसर म्हणाले, संस्थेला लेखी द्यावं लागेल.
लेखी दिलं.
नऊ दिवसांनी शाळेतल्या मंगलमावशीनंच
पदर खोचून स्क्रू पिळले.
तीन बसले. चौथ्याचं लाकूड कुजकं होतं.
डॉक्टरांनी एक पातळ औषध दिलं,
रोज सकाळी दहा मिनिटं बसवा म्हणाले, घाई न करता.
घाई न करता!
सव्वासहाची रिक्षा असते आमची.

आज सोमवार.
एक बूट पायात, एक हातात.
माय, पोट दुखस.

मी 'नाटकं नको' म्हणत नाही.
फाईलही काढत नाही.
खाली बसते, विचारते, कोठे दुखस?
ती बेंबीभोवती बोट फिरवते,
मोठा गोल, मग लहान.
बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतो.
ती दुसरा बूट घालते. जाते.

दुपारी दप्तरातून बाटली काढली.
उजेडात धरली.
अर्धी.